हिवाळ्यापुरती

झूटरमेर,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

नमस्कार. इथे मंजूषा आणि मी, आणि ग्रोनिंगनला लेक भार्गवी, असे तिघेही बरे आहोत. तुझे गुडघे आणि भावोजींची साखर यांची चौकशी गेल्या रविवारी फोनवर झाली असल्याने तिची पुनरुक्ती करत नाही. हे पत्र हाताने लिहून टपालाने पाठवतो आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि उरलेलं वाक्य भावोजी स्पीकरवर पूर्ण करतात. कागदावर मला कोणी तोडत नाही.

विषय माझ्या गाडीचा आहे.

मंजूषाने तुला फोन केला होता, हे तिने मला सांगितलेलं नाही. पण तू म्हणालीस, "दिलू, ती गाडी हिवाळ्यापुरती आत ठेवून दे की रे," तेव्हा मला कळलं. नाशिकमध्ये कोणी गाडी हिवाळ्यासाठी आत ठेवत नाही. ही भाषा तुला इथून पुरवली गेली आहे.

वस्तुस्थिती अशी. माझ्या गाडीसारख्या दोन आसनांच्या, टप उघडणाऱ्या गाड्या इथले हौशी लोक ऑक्टोबरअखेर शेतकऱ्यांच्या कोठारांत नेऊन ठेवतात आणि मार्च संपता संपता बाहेर काढतात. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकलं जातं आणि ते मीठ गाडीच्या पोटाला खातं. आमचा शेजारी विम, वय एकाहत्तर, आपली जुनी गाडी अकरा वर्षं एका फूलवाल्याच्या रिकाम्या काचगृहात ठेवत आला आहे. यंदा त्याने मला न विचारता माझ्यासाठीही शेजारची जागा धरून ठेवली. त्यालाही कोणीतरी फोन केला असावा.

दसऱ्याला मी दारासमोर गाडीची पूजा करत होतो. हेगच्या सुरिनामी हिंदूंच्या दुकानातून झेंडूचा हार आणला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. बॉनेटवर स्वस्तिक इथे काढत नाही, त्याचं कारण तुला सांगायला नको. कुंकवाची पाच बोटं ओढतो. नारळ फोडताना पाण्याचा तांब्या माझ्या पायाने कलंडला. तो चुकीच्या जागी ठेवला होता. मंजूषा नुसती माझ्याकडे बघत राहिली. विम खिशात हात घालून आरती संपेपर्यंत अदबीने थांबला आणि मग त्याने विचारलं, हा गाडीला हिवाळ्याआधी निरोप देण्याचा विधी आहे का? मी त्याला सांगितलं, नेमकं उलट आहे. या दिवशी आम्ही हद्द ओलांडून बाहेर पडतो. आणि तासाभरात मी बेल्जियमची हद्द ओलांडली. गेली सहा वर्षं माझं सीमोल्लंघन असंच होतं: पलीकडे बटाट्याचे तळलेले काप खायचे आणि परत फिरायचं. यंदा काळोखाच्या बरंच आधी परतलो. त्याला विशेष कारण नाही.

मंजूषा या गाडीला 'चप्पल' म्हणते, ती फार बुटकी आहे म्हणून. "मी त्या चपलेत पाय घालणार नाही," हे तिचं वाक्य सहा वर्षांत बदललेलं नाही. चालवण्याचा तर प्रश्नच नाही. वास्तविक इथलं लायसन्स तिला पहिल्या प्रयत्नात मिळालं आणि मला तिसऱ्या. हा विषय आमच्या घरी फारसा निघत नाही.

तर माझा निर्णय कळवतो. गाडी ठेवली जाणार नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, रबर सुकतं, ब्रेकच्या तबकड्या गंजतात आणि काचगृहातले उंदीर वायरी खातात. विमच्या दोनदा खाल्ल्या आहेत, तरी तो दर वर्षी जातो. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं चालवलेली आणि नंतर खालून नीट धुतलेली गाडी मिठाला पुरून उरते. थंडीचे टायर मी बसवून घेतले आहेत.

खरं तर तुला हे पटवायची गरज पडू नये. दादांची पिस्ता रंगाची स्कूटर तू विसरली नसशील. १९८३ च्या जूनमध्ये क्लच गेला म्हणून पावसाळ्यापुरती तिच्यावर ताडपत्री टाकली. मी चौदा वर्षांचा होतो. पावसाळा संपला, दिवाळी झाली, ताडपत्री निघाली नाही. अकरा वर्षांनी भंगारवाला आला तेव्हा तिची चाकं वीतभर मातीत होती. पाटबंधारे खात्याचा हेडक्लार्क, कार्यकारी अभियंत्यांकरिता दिवसाला पन्नास पत्रांवर सही करणारा माणूस, त्याला एक क्लच दुरुस्त करून घेता आला नाही. तेव्हापासून अमुक एका ऋतूपुरती ठेवलेली वस्तू बाहेर येते, यावर माझा विश्वास नाही.

मंजूषाने आणखी काही सांगितलं असल्यास त्याचाही खुलासा करतो. ऑगस्टमध्ये मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. दुकानातून त्यांनी आमच्या फॅमिली डॉक्टरकडे आणि डॉक्टरने हॉस्पिटलकडे पाठवलं. आता झोपण्यापूर्वी एकेक थेंब घालायचा असतो. वयोमानानुसार आहे. त्याचा गाडीशी संबंध जोडू नये.

आज्ञा न पाळणारा,
तुझा धाकटा भाऊ,
दिलीप


झूटरमेर,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ताई,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू फोनवर पाठवलेला अकरा मिनिटांचा निरोप मिळून तीन आठवडे झाले. पहिली चार मिनिटं ऐकून मी तो बंद केला होता. पूर्ण ऐकला तो २३ नोव्हेंबरला. त्या दिवशी काय झालं ते आधी लिहितो.

शनिवार होता, सकाळचे साडेदहा. ढगाळ, पण लख्ख दिवस. घराजवळच्या राउंडअबाउटशी मी नेहमीप्रमाणे थांबलो. डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. गाडी पुढे घेतली आणि बॉनेटसमोर एक बाई सायकलवर होती.

ब्रेक लागला. तिचं पुढचं चाक आणि माझी गाडी यांत एक वीत अंतर राहिलं. तिच्या पिशवीतला फ्लॉवर रस्त्यावर पडून माझ्या चाकापर्यंत घरंगळत आला. सत्तरीची असेल. ती ओरडली नाही. तिने सायकल स्टँडवर लावली, फ्लॉवर उचलला, माझ्या खिडकीशी आली आणि डचमध्ये म्हणाली, "पण साहेब, तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

मी माफी मागितली. ती फ्लॉवर पुसत निघून गेली. मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

ती खरं बोलत होती. माझा चेहरा तिच्याच दिशेला होता. ती जिथे होती तिथे मला ओला रस्ता दिसत होता, कडेचं गवत दिसत होतं, सगळं जिथल्या तिथे. काचबिंदूत काळा डाग दिसत असेल, अशी माझी समजूत होती. डाग दिसत नाही. जिथे नजर गेलेली असते तिथे मेंदू आपल्या मनाने रस्ता काढून देतो, आणि तो अगदी हुबेहूब असतो.

काचबिंदू हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्यापुढची गोष्ट मला अधिक जड जाते. सप्टेंबरमध्येच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की लायसन्स देणाऱ्या कचेरीला प्रकृतीचं निवेदन भरून पाठवा. मी घरी येऊन कायदा वाचला. तसं निवेदन देण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. ताई, स्लोटरडाइकच्या ऑफिसात माझं काम काय आहे, तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांनी दिलेली निवेदनं मी तपासतो. 'सक्ती नव्हती' असं म्हणणाऱ्या माणसाला मी सोळा वर्षांत एकदाही सोडलेलं नाही. आणि अडीच महिने मी तो फॉर्म संगणकावर अर्धा भरून ठेवला होता. रोज उघडायचो, रोज बंद करायचो. तुला जे पत्र लिहिलं, ते त्याच टेबलावर, त्याच फॉर्मसमोर बसून लिहिलं. टायर आणि मीठ आणि उंदीर यांविषयी त्यात लिहिलेलं सगळं अचूक आहे. गाडी एकदा काचगृहात गेली की मार्चमध्ये ती बाहेर काढणारा मी नसेन, एवढंच तेवढं लिहायचं राहिलं.

त्या शनिवारी गाडी दारात लावून मी आतच बसून राहिलो आणि तुझा निरोप शेवटपर्यंत ऐकला.

क्लच कधी गेलाच नव्हता, असं तू सांगितलंस. मिरजेच्या डॉक्टरांनी दादांना काचबिंदू सांगितला तेव्हा तू सोबत होतीस. तू एकोणीस वर्षांची होतीस, तुझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. घरात डोळ्यांचं दुखणं आहे हे बाहेर कळलं तर कोणी दार वाजवणार नाही, म्हणून आईने क्लचचं निमित्त काढलं आणि तुला देवासमोर बसवून कोणालाही न सांगण्याचं वचन घेतलं. त्यानंतर रोज सकाळी तू दादांबरोबर ऑफिसपर्यंत चालत जायचीस. ते मला आठवतं. मला वाटायचं, तुझं कॉलेज त्याच रस्त्यावर आहे. ताई, तुझं कॉलेज विरुद्ध दिशेला होतं. मी त्याच गावात वाढलो, बी.कॉम. त्याच कॉलेजातून झालो, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

आणि मग अगदी शेवटी, कुकर उतरवायला सांगावं तितक्या सहज, तू म्हणालीस, "आणि हो, मी पण घालते थेंब. पाच वर्षं झाली."

मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. हॉस्पिटलमध्ये मला विचारलं होतं, कुटुंबात कोणाला काचबिंदू आहे का? मी घाई केली नाही. आई, दादा, आजी, काका, तू, सगळ्यांना एकेक करून आठवलं आणि पूर्ण खात्रीने 'नाही' सांगितलं. आयुष्यात मी कुठल्याही फॉर्मवर इतकं चुकीचं उत्तर इतक्या काळजीपूर्वक दिलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी तू एक ओळ कळवली असतीस तर मी तेव्हाच तपासून घेतलं असतं. थेंबांनी आहे ते राखता येतं. गेलेलं परत येत नाही. वचन तू आईला दिलं होतंस, आणि ते मोडायला तुझ्या लग्नानंतर सदतीस वर्षं मिळाली होती.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि भार्गवीला मी काय सांगितलं होतं ते आठवलं. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने थेंबांची बाटली पाहिली होती. मी म्हणालो, स्क्रीनमुळे डोळे कोरडे पडतात. तो माझा क्लच.

तिला त्याच संध्याकाळी फोन केला. तुला माहीत आहे, ती मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी सगळं सांगितलं: आजोबा, आत्या, मी, आणि तिने दर वर्षी तपासून घ्यायला हवं. मग मराठीत म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला आधीच सांगायला पाहिजे होतं." व्याकरणात एकही चूक नव्हती.

फॉर्म मी सोमवारी, २५ तारखेला पूर्ण भरून पाठवला. हॉस्पिटललाही कळवून ते 'नाही' दुरुस्त करून घेतलं. त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कचेरीने नेमलेल्या डॉक्टरांकडे जानेवारीत तपासणी आहे, त्यात जे ठरेल ते ठरेल.

परंतु गाडी काचगृहात जाणार नाही. विमला मी कारण सांगितलं, डोळ्यांचं कारण, स्पष्ट शब्दांत. ऑफिसात सांगितलं. गणपतीच्या मंडळात सांगितलं, तिथे लगेच तिघांनी मला लांबूनच बोटं दाखवून किती ते विचारलं. त्यांना मी बरोबर आकडे सांगितले. गाडी दारासमोर उभी आहे, बॅटरीला चार्जर आहे, आणि तिच्यावर कसलंही आच्छादन नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, मी उत्तर देईन.

दिलीप


झूटरमेर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

निकाल आला. समोरची नजर उत्तम आहे. कडेची दोन्ही डोळ्यांत नियमापेक्षा कमी आहे. मला वाहन चालवता येणार नाही. लायसन्स मी शुक्रवारी रीतसर परत पाठवलं आणि पावती ठेवून घेतली. याउपर त्या विषयावर मला सांत्वन नको आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

माझ्या मागच्या पत्रावर तुझा फोन आला नाही, निरोपही आला नाही. मंजूषा म्हणाली, तू रडलीस. ते पत्र मी मागे घेत नाही. परंतु त्यात एक गोष्ट नोंदवायची राहिली होती, ती आता नोंदवतो. दादांना ऑफिसात सोडून तू उलट दिशेला कॉलेजला जायचीस तेव्हा तुझा पहिला तास रोज बुडत असणार. ते तू कधी कोणाला सांगितलं नाहीस. तेवढं एक लपवणं मला मोठं वाटतं.

आता कालची हकीकत.

सकाळी विम आला. निकाल त्याला कळला होता. फार सौजन्याने म्हणाला की जागा अजून रिकामी आहे, गाडी तो स्वतः नेऊन ठेवेल, आणि पुढे विकायची झाली तर गिऱ्हाईकही बघेल. मी दारात उभा होतो. त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. ज्याला चालवता येत नाही त्याने गाडी दारात का ठेवावी, याचं समर्थन मी अडीच महिन्यांत तयार केलं नव्हतं.

तेवढ्यात मंजूषा कोट घालून मागून आली.

"अहो, चावी द्या."

"कशाला?"

"ठेवायची नाही म्हणता ना? मग कोणीतरी चालवायला नको?"

मी तिला सांगितलं की हिचे गिअर हाताने टाकावे लागतात, जोर मागच्या चाकांवर असतो, रस्ता ओला आहे आणि त्यावर मीठ आहे. ती म्हणाली, "मला पहिल्या खेपेत मिळालंय लायसन्स." आणि हात पुढे करून तशीच उभी राहिली. विमला मराठी येत नाही, पण तो दोन पावलं मागे सरला.

ताई, ती त्या चपलेत बसली. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी उडी मारून निघाली. मी उजवीकडच्या आसनावर होतो. आपल्याकडे ती चालवणाऱ्याची जागा असते, त्यामुळे माझा पाय दोन-तीनदा ब्रेककडे गेला. तिथे ब्रेक नव्हता. मी तिला गिअर कधी बदलायचा ते सांगत होतो, डावीकडून येणारी सायकल सांगत होतो, जी तिने केव्हाच पाहिली होती आणि मी पाहिलीच नव्हती. मी अंदाजाने बोलत होतो. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही फक्त समोर बघा. तेवढं तुम्हाला छान दिसतं."

मी समोर बघितलं.

समुद्राच्या रस्त्याला लागल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि टप उघडायचा कसा ते विचारलं. बाहेर चार अंश होतं. मी तसं निदर्शनास आणून दिलं. ती म्हणाली, मग टोपी घाला. चाळीस मिनिटं ठरली होती, आम्ही दोन तासांनी परतलो. नाक, कान, बोटं, काही जाग्यावर वाटत नव्हतं. विम काचेतून बघत होता. मी त्याला हात केला. नंतर मी गुडघ्यावर बसून गाडी खालून पाण्याने धुतली, मीठ निघेपर्यंत. ते काम माझ्याकडे राहणार आहे. पुढचा शनिवारही ठरला आहे.

आता तुझ्याकडे वळतो, आणि इथे मी विनंती करत नाही.

तुझ्या गंधारला तू अजून सांगितलेलं नाहीस, हे मला मंजूषाकडून कळलं. तो तेहतीस वर्षांचा आहे आणि रोज मोटारसायकलवरून ऑफिसला जातो. तू म्हणे म्हणालीस, त्याचं लग्न एकदा ठरू दे. ताई, हे वाक्य आपल्या घरात याआधी उच्चारलं गेलं आहे, आणि ते कोणासाठी होतं हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ज्या मुलीचं मन आत्ताच्या सत्याने फिरणार असेल तिचं नंतरही फिरेल. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत तू त्याला सांग. तू सांगितलं नाहीस तर नवव्या दिवशी मी सांगेन. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि आजवर मी ठरलेली तारीख चुकवलेली नाही. तू रागावलीस तरी चालेल. अबोला धरलास तरी तो मी सोसेन. पण आपल्या घरात आता कशावरही ताडपत्री टाकली जाणार नाही.

आणि यंदा दसऱ्याला तू इकडे ये. २ ऑक्टोबरला आहे, तिकीट मी आजच बघून ठेवलं आहे. झेंडू मी आणेन, लिंबं ठेवेन, तांब्या कुठे आहे ते आधी हाताने चाचपून घेईन. नारळ तू फोड. मग मंजूषा गाडी काढेल आणि हद्दीपलीकडे जाऊन येईल. गाडीत जागा दोनच आहेत, तेव्हा त्या दिवशी मी दारात थांबेन. उजवीकडे तू बसायचंस. रोज सकाळी एका माणसाला त्याच्या ऑफिसपर्यंत नेऊन सोडणाऱ्या मुलीला कधीतरी कोणीतरी कुठेतरी घेऊन जायला हवं होतं.

टप उघडाच असेल. शाल आण.

दादांकरिता,
दिलू